ड्रॉ हातात असताना कॉल करायचा की रेझ?

प्रश्नातला डाव असा आहे. नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, बोर्डवर सगळ्यांची मिळून पाच), तुम्ही बटनवर (सगळ्यांत शेवटी बोलायची जागा), हातात बदामचा गुलाम आणि बदामची दश्शी. फ्लॉपला, म्हणजे बोर्डवरच्या पहिल्या तीन पानांत, बदामचा राजा, बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री. पॉटमध्ये (लावलेल्या पैशांच्या राशीत) १०० चिप्स आहेत आणि समोर एकच खेळाडू, ज्याने फ्लॉपआधी रेझ केलं होतं, म्हणजे बेट वाढवली होती. त्याने ६० लावले. ते ६० धरून त्याच्याकडे ३०० आहेत, तुमच्याकडेही ३००. तुम्ही विचारलंय की फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागण्याची शक्यता ३५ टक्के असते तर कॉल, म्हणजे तेवढेच ६० देणं, बरोबरच ना, आणि मग काही जण ‘ड्रॉ असला की रेझच करावा’ असं का म्हणतात?

आधी ड्रॉमधून, म्हणजे एखादं पान लागलं तरच पुऱ्या होणाऱ्या हातातून, पैसे कुठून येतात ते बघू. तीन वाटा आहेत. हवं ते पान लागतं आणि आत्ता टेबलावर असलेला पॉट मिळतो. पान लागल्यावर समोरचा आणखी पैसे देतो. किंवा पान लागायच्या आधीच तो फोल्ड करतो, म्हणजे पानं टाकून देतो. कॉल केलात की पहिल्या दोन वाटा उघड्या राहतात आणि तिसरी बंद होते. रेझ केलंत की तिसरी उघडते, पण पान लागल्यानंतर वसूल करायचे पैसे बरेचसे आधीच पॉटमध्ये गेलेले असतात. म्हणून ‘रेझ फायद्याचं आहे का’ एवढं तपासून भागत नाही. रेझ हे कॉलपेक्षा जास्त फायद्याचं आहे का, ते तपासायचं. उत्तर स्टॅक (ज्याच्या-त्याच्याकडच्या चिप्स), समोरचा माणूस, जागा (बोलायची पाळी) आणि ड्रॉची प्रत यांवर बदलतं, पण हिशोबाची रीत तीच राहते.

आता तो ३५ टक्क्यांचा आकडा. नऊ आऊट्सना (हात पुरा करणाऱ्या उरलेल्या पानांना) टर्न आणि रिव्हर, म्हणजे बोर्डवरचं चौथं आणि पाचवं पान, मिळून ३५ टक्के हे अगदी बरोबर आहे. पण ती दोन्ही पानं बघण्याची किंमत ६० चिप्स नाही. ६० देऊन तुम्हाला फक्त टर्न दिसतो आणि टर्नला फ्लश लागण्याची शक्यता ४७ पानांत ९, म्हणजे १९ टक्के. रिव्हरसाठी तो पुन्हा पैसे मागेल. ३५ चा आकडा वापरायचा तो फक्त फ्लॉपलाच सगळे पैसे आत जाणार असतील तेव्हा. आऊट्सना चारने गुणायची सोपी युक्ती सगळ्यांना पाठ असते. ती ऑल-इनसाठी, म्हणजे सगळ्या चिप्स आत जातात तेव्हासाठी आहे. एका पानासाठी दोनने गुणा. आऊट्स जास्त असले की चारचा गुणाकार फुगतो: १५ आऊट्सचे ६० टक्के येतात, खरे असतात ५४. आठपेक्षा जितके आऊट्स जास्त, तितके टक्के वजा केले की आकडा जवळपास जुळतो.

हे आकडे पाठ असावेत, टेबलावर बसून काढायला वेळ नसतो. दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेट (ओळीने पाच पानं) ड्रॉला आठ आऊट्स, पुढच्या पानाला १७ टक्के, दोन पानांत साडेएकतीस. मधलं पान हवं असलेल्या गटशॉटला चार आऊट्स, साडेआठ आणि साडेसोळा. फ्लश ड्रॉसोबत गटशॉट असेल तर बारा, म्हणजे साडेपंचवीस आणि ४५. फ्लश ड्रॉ आणि उघडा स्ट्रेट ड्रॉ एकत्र आले की पंधरा, ३२ आणि ५४.

तुमच्या डावात कॉलला ६० द्यायचे आणि कॉलनंतर पॉट होणार २२०. म्हणजे २७ टक्के शक्यता हवी, आहे १९. नुसत्या पॉटच्या जोरावर कॉल बसत नाही. उरलेलं पान लागल्यानंतर मिळायला हवं. शंभरातल्या १९ वेळा जिंकायचं आहे आणि ८१ वेळा ६० घालवायचे आहेत, हे मांडलं की फ्लश लागल्यावर सरासरी ९४ चिप्स आणखी मिळाल्या तरच कॉल बरोबरीत सुटतो. टर्नला पॉट २२० चा असेल आणि त्याच्याकडे २४० उरलेल्या असतील. त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर ९४ मिळणं अवघड नाही. पण तिसरं बदाम आल्याबरोबर हात आखडणारा खेळाडू असेल तर मिळणार नाहीत. सरासरी १५० मिळतील असं धरलं तर कॉलचा फायदा साधारण ११ चिप्स होतो. हा ११ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रेझ. १८० पर्यंत रेझ करून मागे १२० ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्याने त्यावर ऑल-इन केलं तर तुम्हाला १२० देऊन ७०० च्या पॉटसाठी खेळायचंय. १७ टक्के पुरतात, आणि सेटसमोरसुद्धा (हातातली जोडी आणि बोर्डवर तसंच तिसरं पान) तुमच्याकडे त्याहून जास्त असतात. फोल्ड करता येणारच नसेल तर सगळे ३०० एकदम लावा. त्याला फोल्ड करायला जास्तीत जास्त कारण मिळतं ते तेव्हाच.

ऑल-इनचा हिशोब असा. तो फोल्ड झाला तर तुम्हाला १६० मिळतात. कॉल केलं तर पॉट ७०० चा होतो. एक्का-राजासमोर तुमची इक्विटी (पॉट जिंकण्याची शक्यता) पस्तीसच्या आसपास. सत्त्यांच्या सेटसमोर ती पंचवीसवर येते, कारण बदामची दुर्री लागली तर तुमच्या फ्लशबरोबर त्याचं फुल हाऊस (तीन सारखी आणि एक जोडी, फ्लशपेक्षा मोठं) होतं, आणि बाकीच्या बदामांनंतरही रिव्हरला बोर्डवर जोडी पडू शकते. मिश्रण धरून ३३ म्हणू. ७०० चे ३३ टक्के २३१, त्यातून तुमचे ३०० वजा, म्हणजे कॉल झाल्यावर सरासरी ६९ चा तोटा. तो ३० टक्के वेळा फोल्ड झाला की ऑल-इन बरोबरीत येतं. बरेच जण इथेच थांबतात आणि चिप्स आत ढकलतात. पण कॉल केला असता तर ११ चा फायदा होता. तो ओलांडायचा तर फोल्डचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर हवं.

हे ३५ टक्के मिळतात का, ते त्याच्या पानांची मोजदाद करून ठरवा. राजा बोर्डवर असल्याने एक्का-राजाचे १२ प्रकार शक्य आहेत, राजा-राणीचे १२, दोन एक्के ६, आणि राजे, सत्त्या, दुर्र्या यांचे सेट प्रत्येकी ३. झाले ३९, हे सगळे कॉल करतील असं धरा. आता तो नव्व्या, दश्श्या, गुलाम, राण्या या हातातल्या जोड्या आणि एक्का-राणीसुद्धा अशाच ६० ने लावत असेल तर? तुमच्याकडे एक गुलाम आणि एक दश्शी असल्याने त्या दोन जोड्यांचे तीन-तीनच प्रकार उरतात. नव्व्या आणि राण्या धरून १८. एक्का-राणीचे १६, त्यातलं दोन्ही बदाम असलेलं एक कॉल करेल, उरले १५. म्हणजे ७३ पैकी ३३ फोल्ड, ४५ टक्के. ऑल-इन उघडपणे चांगलं. पण तोच माणूस जोड्या आणि एक्का-राणी चेक करत असेल (काही न लावता पाळी पुढे देत असेल), फक्त राजा किंवा त्याहून चांगलं असेल तेव्हाच लावत असेल आणि अधूनमधून राण्या, तर फोल्ड होणारे ४५ पैकी ६ उरतात. १३ टक्क्यांवर ऑल-इन म्हणजे चिप्स जाळणं. पानं तीच, बोर्ड तोच, निर्णय उलटा. ‘ड्रॉ नेहमी रेझ करावा’ हा सल्ला म्हणूनच धोकादायक वाटतो मला. तो समोरच्याच्या पानांकडे बघतच नाही.

मोजदाद करायला वेळ नसेल तेव्हा मी त्याच्या बेटचा आकार बघतो. पॉटच्या एक-तृतीयांश बेट बहुतेक जण भरपूर कमजोर हातांनी करतात, तिथे रेझला वाव असतो. ही बेट कॉलला स्वस्तही असते: २० टक्के लागतात, फ्लश ड्रॉकडे १९ आहेत, थोडी पुढची वसुली धरली की कॉलही सुखाचा. पूर्ण पॉटएवढ्या बेटमागे साधारण ताकदीचे हात कमी असतात, फोल्ड कमी मिळतात. आणि जो एका जोडीवर तीन बेट्स कॉल करत बसतो त्याला ड्रॉने रेझ करू नका. त्याच्यासमोर पान लागेपर्यंत थांबा आणि लागलं की मोठी बेट करा. तिथे दुसरी वाटच सगळे पैसे देते.

स्टॅक खोल असले की चित्र बदलतं. याच डावात दोघांकडे १००० आहेत असं धरा. तुम्ही १८० केले, त्याने १००० केले. आता ८२० देऊन २१०० च्या पॉटसाठी खेळायचंय, ३९ टक्के हवेत. ते नाहीत. फोल्ड करावं लागतं आणि १८० चिप्ससोबत चांगला ड्रॉही हातून जातो. दुसरं कुणी री-रेझ करू शकेल अशा रेझचा खरा खर्च हाच, आणि हिशोबात तो बहुतेक वेळा सुटतो. रेझ करण्याआधी स्वतःला विचारा: यावर ऑल-इन आलं तर मी काय करणार? ‘आनंदाने कॉल’ असेल तर रेझ ठीक. ‘आनंदाने फोल्ड’ असेल, म्हणजे ड्रॉ इतका अशक्त की सोडताना काही वाटत नाही, तरीही ठीक. सगळ्यात वाईट जागा मधली: ३०-३५ टक्क्यांचा ड्रॉ, जो सोडवत नाही आणि कॉलही परवडत नाही. असे ड्रॉ खोल स्टॅकवर कॉल करून खेळा, तिथे पान लागल्यावर जिंकायला १००० आहेत.

ही गोष्ट पटली की कुठला ड्रॉ कशासाठी ते आपोआप सुटतं. बोर्डवर बदामची अठ्ठी-सत्ती आणि किलवरची दुर्री, हातात बदामची दश्शी-नव्वी, हा पंधरा आऊट्सचा ड्रॉ. मघाच्याच चिप्स धरल्या तर कॉल झाला तरी ७८ चा फायदा, फोल्ड वरकड मिळकत. सेटसमोरही तो चाळीसच्या आसपास टिकतो. स्टॅक शंभर बिग ब्लाइंडच्या (डावाच्या सुरुवातीला लावायच्या मोठ्या सक्तीच्या बेटच्या शंभरपटीच्या) आत असेल तर हा ड्रॉ रेझ करायलाच हवा. त्याला आणखी एक कारण आहे: टर्न कोरा गेला की याच ड्रॉची इक्विटी ५४ वरून ३३ वर येते, त्यामुळे पैसे आत्ता आत जाणं चांगलं.

एक्क्याचा नट (शक्य तो सर्वांत मोठा) फ्लश ड्रॉ मात्र मी अनेकदा नुसता कॉल करतो, आणि नव्याने खेळणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटतं. एक्का वरचं पान असल्याने काही वेळा न लागताही तो शोडाऊनला, म्हणजे शेवटी पानं उघडल्यावर, जिंकतो. शिवाय समोर लहान फ्लश ड्रॉ असेल तर रेझ करून त्याला हाकलायचं कशाला? त्याचा फ्लश लागला की तुमचाही लागतो आणि त्याचा पूर्ण स्टॅक मिळतो. तुमच्या गुलाम-दश्शीचं नेमकं उलट आहे. न लागता ती काहीच जिंकत नाही, आणि लागली तरी एक्का, राणीचा फ्लश वर बसू शकतो. म्हणून जिथे फोल्ड मिळण्याची शक्यता आहे तिथे रेझसाठी असे मधले ड्रॉ नट ड्रॉपेक्षा योग्य.

गटशॉटला याच ऑल-इनमध्ये ५४ टक्के फोल्ड लागतात. इतके क्वचित मिळतात. गटशॉटने रेझ करायचंच तर लहान रेझ, खोल स्टॅक, सोबत दोन वरची पानं किंवा मागच्या दाराने (टर्न आणि रिव्हर दोन्ही जुळून) फ्लशची शक्यता, आणि री-रेझ आलं की विनातक्रार फोल्ड.

आऊट्स मोजताना हात सैल सोडू नका. हातात सत्ती-छक्की आणि बोर्डवर राजा-नव्वी-अठ्ठी असेल तर आठ आऊट्स दिसतात. पण दश्शी लागल्यावर राणी-गुलाम आणि गुलाम-सत्ती दोन्हींची स्ट्रेट तुमच्यापेक्षा मोठी होते. खरा विश्वास फक्त पंज्यांवर ठेवता येतो. बोर्डवर एकाच रंगाची दोन पानं असतील तर तुमच्या स्ट्रेटच्या आठातली दोन कुणाचा तरी फ्लश पुरा करतात. आठाचे सहा धरा. बोर्डवर जोडी असेल तर पान लागूनही तुम्ही आधीच फुल हाऊसखाली असू शकता. अशा बोर्डवर मोठ्या पैशांत लहान फ्लश ड्रॉ खेळूच नये.

जागेबद्दल. बटनवर असताना कॉल स्वस्त पडतो. टर्नला त्याने चेक केलं तर तुम्हाला रिव्हर फुकट बघता येतो, आणि लागल्यावर बेटचा आकार तुमच्या हातात असतो. आधी बोलायचं असेल तर हे दोन्ही जातात: तिसरं बदाम आल्यावर तुम्ही लावलंत तर तो सावध होतो, चेक केलंत तर तोही चेक करून मोकळा होतो. त्यामुळे ब्लाइंडमधून (आधी बोलायच्या जागेवरून) कॉलचा फायदा आटतो, आणि तोच ड्रॉ चेक-रेझ किंवा फोल्ड यांच्याकडे झुकतो. वर धरलेले सरासरी १५० तिथे १०० सुद्धा होत नाहीत.

समोर एकापेक्षा जास्त जण असतील तर रेझ जवळजवळ विसरा. प्रत्येक जण निम्म्या वेळा फोल्ड होत असेल तर दोघे मिळून २५ टक्के, तिघे मिळून साडेबारा. कॉलची किंमत मात्र सुधारते, कारण पॉट मोठा होतो. फक्त ड्रॉ नट किंवा त्याच्या जवळचा हवा; तीन-चार जणांत कुणाकडे तरी मोठं बदाम असण्याची शक्यता बरीच वाढते. टूर्नामेंटमध्ये बक्षिसाच्या पायरीजवळ गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग असते, तेव्हा कॉल होण्याची शक्यता असलेलं ऑल-इन आणखी आखडतं घ्या. तुमचा स्टॅक त्याच्यापेक्षा मोठा असेल तर मात्र तोच दबाव त्याच्यावर जास्त पडतो.

आता पुन्हा तुमच्या डावाकडे, कारण ‘कॉल’ म्हणताना टर्नचा विचार राहून जातो. समजा कॉल केलात, पॉट २२०, टर्नला चौकटची तिर्री. त्याने १२० लावले, मागे १२० उरले. १२० देऊन ४६० चा पॉट, २६ टक्के हवेत, तुमच्याकडे ४६ पानांत ९, साडेएकोणीस. भरपाईसाठी फ्लश लागल्यावर सरासरी १५३ मिळायला हवेत आणि त्याच्याकडे उरलेत १२०. त्याने न चुकता सगळे दिले तरी कॉल बसत नाही. ऑल-इन? आकड्यांनुसार २३ टक्के फोल्ड पुरेसे वाटतात. पण त्याला १२० देऊन ७०० साठी खेळायचं असेल, १७ टक्के लागतील. अर्धा स्टॅक घातल्यावर त्या भावात जवळजवळ कुणीच फोल्ड करत नाही. तिथे फोल्ड हाच निर्णय, आणि फ्लॉपला कॉल करताना तो मान्य असायला हवा. तो टर्नला सवयीने दुसरी बेट करणारा असेल तर तुमचा कॉल म्हणजे एकाच पानासाठी ६० चिप्स, तेवढंच. त्याच्याकडे फोल्ड होणारे हात असतील तर फ्लॉपलाच ३०० लावा: तिथे दोन्ही पानं दिसतात आणि त्यालाही ६० वर सोडून देणं सोपं असतं. तो फक्त मजबूत हाताने लावणारा, पण टर्नला बऱ्याचदा चेक करणारा आणि फ्लश लागल्यावरही एक्का-राजा न सोडणारा असेल तर कॉल. फोल्डही करत नाही आणि तिसऱ्या बदामानंतर पैसेही देत नाही, असा असेल तर फ्लॉपलाच पानं टाकून द्या. नऊ आऊट्स असूनही तिथे कुठल्याच वाटेने पैसे येत नाहीत.